बाईंनी न प्यालेला चहा

आमच्या गल्लीच्या टोकाला बाग आहे, बागेच्या मागे क्रीक, म्हणजे ओढा, क्रीकच्या कडेने सायकलवाल्यांसाठी केलेली डांबरी वाट, आणि मग रेल्वेचा पूल. वाट पुलाखालून जाते. तिथे भर उन्हाळ्यातसुद्धा ओल असते. भिंतींवर रंगाने काहीबाही लिहिलेलं असतं आणि वरून ट्रेन गेली की छातीत धडधडल्यासारखं वाटतं. पुलापलीकडे माझ्या नातीची शाळा आणि शाळेला लागून कम्युनिटी हॉल. गाडीने जायचं तर सिग्नलवरून मोठा वळसा घेता येतो. पायी जायचं तर ही एकच वाट.

ईस्टरच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात नात मोजे भिजवून घरी आली.

"क्रीकमध्ये पाय गेला," म्हणाली.

पाय गेला म्हणावं तर बॅगही भिजली होती. मी काही विचारलं नाही. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती, ती सोडवून हीटरसमोर उभी करून ठेवली. संध्याकाळी तिची आई शिफ्टवरून आली तेव्हा ती तिच्या गळ्यात पडून रडली आणि मग सगळं बाहेर आलं. पुलाखाली काही मोठी मुलं बॅटरीच्या सायकली घेऊन बसतात. त्यांनी तिला मध्ये घेऊन गोल गोल सायकली फिरवल्या, बॅग ओढून घेतली आणि पाण्यात भिरकावली. काहीतरी बोललेसुद्धा. काय बोलले ते तिने आईलाही सांगितलं नाही.

माझा मुलगा शांत स्वभावाचा. विद्यार्थी म्हणून या देशात आला, इथलाच झाला, आता डँडेनॉन्गच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज साऱ्या घराला ऐकू गेला. शाळेला फोन झाला, पोलिसांना झाला. मुलं आमच्या शाळेची नाहीत, असं शाळेने सांगितलं. पोलिसांनी लिहून घेतलं. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"आई, आजपासून ही एकटी चालणार नाही. तू सोडायचं, तू आणायचं. नाही जमलं तर शाळेनंतरचं सगळं बंद. नेटबॉल नाही, लायब्ररी नाही. सरळ घर."

"डॅड, दॅट्स नॉट फेअर! मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. म्हणूनच."

नात खोलीत गेली आणि दार आपटलं. मी ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत होते.

'सगळं बंद' हे शब्द मी आधीही ऐकले होते. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला शेजारच्या गावी जावं लागे. मध्ये माळ, माळाच्या शेवटी ओढा, आणि ओढ्याच्या दरडीवर बसलेली टवाळ पोरं. माझ्यापेक्षा मोठ्या एका मुलीची त्यांनी वाट अडवली, एवढंच झालं होतं. वडील मला रागावले नाहीत. उलट डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरीला एकटीला कुठं धाडायचं." दप्तर खुंटीला लागलं. काही दिवसांनी आईने त्यात लसूण भरून ठेवला. मी रडले असं आठवत नाही. माझ्यावर कुणी अन्याय केला असंही कुणाला वाटलं नाही, मलासुद्धा. सगळे माझ्या काळजीनेच वागत होते.

तर मी नातीला आणू-सोडू लागले. मला इंग्रजी येत नाही. दुकानात काउंटरवरच्या मुलीने काही विचारलं तरी मी मान हलवून मोकळी होते. घरी पाहुणे आले की चहा ठेवते आणि आत जाऊन बसते. असं माणूस राखण करायला! पुलाखाली ती मुलं असायचीच. मी बरोबर असल्यावर अंगावर येत नसत. घंटी वाजवत, शिट्टी मारत. एक लाल टोपीवाला हात जोडून, मान डोलवून "नमस्ते, नमस्ते" करायचा आणि बाकीचे खिदळायचे. मी खाली बघून नातीचं मनगट घट्ट धरून झपाझप चालायची.

एकदा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "आजी, हात सोड ना."

"राहू दे गं."

"तू घट्ट धरतेस ना, तेव्हा त्यांना कळतं, वी आर स्केअर्ड."

मी हात सोडला. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

माझी सून म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये काम करते. तिच्याबरोबर कामाला एक चिनी बाई आहे. तिने सांगितलं की तिची आई शाळेजवळच्या हॉलमध्ये मुलींना शिकवते, लहानपणी गावात शिकलेली विद्या, काठी आणि हातपाय.

"कुंगफू?" मुलगा म्हणाला. "आणि ही काय त्या पोरांना उडवून लावणार?"

"उडवायला कोण सांगतंय?" सून म्हणाली. "शाळेतून आली की नखं खात बसते, ते तरी थांबेल."

तो मग म्हणाला, "जाऊ दे. पण आई बरोबर जाईल आणि बरोबर येईल. परत काही झालं, तर त्या दिवसापासून बंद. मग रडायचं नाही."

तास मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर असे. पहिल्या दिवशी मी थर्मासमध्ये चहा भरून घेतला. कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं. हॉलमध्ये सात-आठ मुली होत्या, कुणी व्हिएतनामी, एक डोक्याला रुमाल बांधलेली अफगाणी, दोघी पंजाबी. शिकवणारी बाई पाहिली आणि मला वाटलं चुकीच्या खोलीत आलो. माझ्या खांद्याएवढी उंची, बारीक कापलेले पांढरे केस, कापूस भरलेली बंडी, पायात कापडी बूट. ऐंशीच्या पुढची असावी. मुली तिला सीफू म्हणत. आमच्या शाळेत शिकवणारीला बाई म्हणायचो, मी मनात तेच नाव ठेवलं.

"पाया पड," मी नातीला म्हटलं.

"आजी, प्लीज. इथे कोणी नाही करत."

मग मीच पुढे झाले आणि वाकून बाईंच्या पायांना हात लावला. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, शिकवणाऱ्या, त्यात लाजायचं काय. उठून कपात चहा ओतला, दोन्ही हातांनी पुढे केला.

हॉल एकदम शांत झाला. बाईंनी कपाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. कप घेतला. नेऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि शिकवायला वळल्या.

तास संपला तरी कप तसाच. वर साय धरली होती.

मला वाटलं, दूध चालत नसेल. पुढच्या वेळी बिनदुधाचा नेला. तोही खिडकीत राहिला. मग साखर कमी करून पाहिली, मग आलं वगळलं. फॉस्टर स्ट्रीटवर आपल्या लोकांच्या दुकानात गेलो होतो तेव्हा सुनेला सांगून पुढच्या चिनी दुकानातून हिरव्या चहाची पुडी आणली. तो पाण्यासारखा चहा करताना माझा जीव होत नव्हता, तरी केला. दर वेळी बाई कप दोन्ही हातांत घ्यायच्या, मान किंचित वाकवायच्या आणि कप खिडकीत ठेवायच्या. घरी आल्यावर तो चहा मी लिंबाच्या झाडाला घालत असे.

"आई, बास की आता," मुलगा म्हणाला. "नसेल घ्यायचा त्यांना. जबरदस्ती कशाला?"

पण काही न घेता जाणं मला जमेना. आणि मनातून लागलंही होतं. आपल्या हातचं का चालत नाही, हे कुणाला विचारणार?

मुली आधी नुसतं उभं राहायला शिकल्या. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसावं तसं, पण खाली घोडा नाही. बाई मधून फिरायच्या आणि कुणालाही खांद्याला धक्का द्यायच्या. नात रोज पडायची. मग एके दिवशी पडली नाही. नंतर काठी आली. ती पाहून मला हसू आलं, कारण ती आमच्याकडची कावड होती. दोन्ही टोकांना ओझं अडकवून खांद्यावर न्यायची, तशीच चपटी, मधोमध घासून गुळगुळीत झालेली बांबूची काठी.

एका मंगळवारी बाईंची मुलगी, सुनेबरोबर काम करणारी, हॉलवर आली. मी नेहमीप्रमाणे चहा पुढे केला. बाई काहीतरी बोलल्या. खूप बोलल्या. मुलीने त्याचं इंग्रजी केलं, ते निम्मं झालं. नातीने त्याचं मराठी केलं, तेव्हा एक ओळ उरली.

"आजी, त्या विचारतायत, तू हा चहा कुणासाठी देतेस?"

"म्हणजे? त्यांच्यासाठीच की."

पुन्हा तिघींचं बोलणं झालं. नातीचे डोळे मोठे झाले. "ओ माय गॉड, आजी! त्यांच्या गावात ना, खरी स्टुडंट व्हायचं असेल तर पाया पडून दोन हातांनी चहा द्यायचा. टीचर प्यायली, तर झालीस तू तिची स्टुडंट. लाइक, फॉरेव्हर. तू दर वेळी तेच करतेस! सगळ्यांना वाटतंय तुलाच शिकायचंय."

पंजाबी मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. माझे कान तापले.

"सांग त्यांना, नातीसाठी आहे," मी म्हटलं.

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं आणि मुलीकरवी सांगितलं, नातीसाठीचा चहा नात देईल, तिचं शिकून झाल्यावर. हा तर तुझ्या हातातून येतोय. नाही म्हणावं असं वाटत नाही म्हणून परत करत नाही, आणि तू अजून मागितलं नाहीस म्हणून पीत नाही.

बाईंनी माझा हात धरला आणि मुलींच्या ओळीत नेऊन उभी केली. पंजाबी ड्रेस, वर स्वेटर, पायात बूट. गुडघे वाकवले तेव्हा दोन्ही करकरले. बाईंनी एका बोटाने खांद्याला ढकललं आणि मी बदकन खाली बसले. मुली हसल्या. नात म्हणाली, "आजी, यू आर सो एम्बॅरसिंग," पण हात देऊन उठवलं तिनेच.

त्या दिवशी तासानंतर बाईंनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी चीनमध्ये, दक्षिणेकडच्या त्यांच्या गावातले बरेच पुरुष समुद्रापार कामाला गेलेले. काही याच देशात येऊन गेले. गावात उरल्या बायका, म्हातारे आणि पोरं. शेत बायका करत, पाणी बायका वाहत, राखणही बायकाच करत. बाईंची एक आत्या होती, लग्न न केलेली. ती मुलींना कावडीच्या काठीची विद्या शिकवायची. काठी का, तर ती रोज खांद्यावर असतेच, कुणाला संशय येत नाही. बाजार नदीपलीकडे होता आणि पुलावर गुंड बसत. बायकांचा माल काढून घेत, हात धरत. म्हणून मुली बाजाराला जात नसत, आणि बाजाराला न जाणाऱ्या मुलीचं सगळं दुसरं कुणी ठरवत असे.

शिकून झालं की मुलीने ओझं घेऊन एकटीने बाजाराला जाऊन यायचं, ही आत्याची रीत. घरच्यांनी वेशीपर्यंत यायचं आणि वेशीत उभं राहायचं. वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. मुलगी परत आली की ती चहा करणार आणि आत्या तो पिणार.

"बाईंची आई थांबली वेशीत?" मी विचारलं.

बाई हसल्या. नाही थांबली. झाडांआडून लपत मागे गेली. पुलावरच्यांनी आईला पाहिलं, थट्टा केली, मुलीला जाऊ दिलं. घरी येऊन मुलीने चहा केला, तर आत्याने कपाला हात लावला नाही. म्हणाली, आज बाजाराला तुझी आई जाऊन आली. तू अजून जायची आहेस.

"मग?" हे नातीने विचारलं.

मग दुसऱ्या खेपेला आई वेशीत उभी राहिली. बाईंनी पुलावर ओझं खाली ठेवलं, पाय रोवले आणि वाट मोकळी होईपर्यंत हलल्या नाहीत.

"काठी मारावी लागली?"

"एकदा," बाई म्हणाल्या, आणि ते इंग्रजीत म्हणाल्या. मुली खिदळल्या. पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. त्यानंतर त्या स्वतः बाजाराला जाऊ लागल्या. कुणाशी लग्न करायचं नाही हे घरात सांगू लागल्या, आणि कुणाशी करायचं तेही.

घरी जाताना पुलाखाली लाल टोपीवाल्याने "नमस्ते" केलं. बाग आली तेव्हा नात थांबली.

"आजी, नेक्स्ट ट्यूसडे तू येऊ नकोस."

मला कळलं होतं ती काय म्हणणार.

"तुझ्या बाबाला काय सांगू?"

"त्याला नको ना सांगू. तो नाहीच म्हणणार. आणि तू आलीस तर ती तुझी ट्रिप होईल, माझी नाही."

तेरा वर्षांची पोर. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आठवडाभर मला जेवण गेलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. मुलाला सांगावं तर सगळं बंद होणार. न सांगावं आणि पोरीला काही झालं, तर मी तोंड कुठे दाखवू? मागून लपत जावं असं दहा वेळा मनात आलं. क्रीकच्या कडेला झाडी आहे, जाताही आलं असतं.

मंगळवारी सकाळी शाळेत जाताना तिने बूट घट्ट बांधले, पुन्हा सोडले, पुन्हा बांधले. दाराशी माझ्याकडे पाहिलं.

"मी घरी आहे," मी म्हटलं.

तिने मला घट्ट मिठी मारली आणि त्या दिवशी तिला सोडणारी तिची आई गाडीचा हॉर्न वाजवत होती तिकडे पळाली.

इथे जूनमध्ये हिवाळा असतो, पाच वाजले की अंधारून येतं. तास सुटायच्या सुमारास मी दाराशी येऊन उभी राहिले. आत जावं, कणीक मळावी, म्हणून गेले आणि तशीच परत आले. सून दुपारच्या शिफ्टला होती. मुलगा सहाशिवाय येत नाही. तो त्या दिवशी लवकर आला.

गाडीतून उतरला, मला दारात पाहिलं आणि जागीच थांबला.

"तू इथे? ती कुठंय?"

"येतेय. तास सुटला असेल."

"कुणाबरोबर?"

मी क्रीककडच्या वाटेकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला. खिशातून फोन काढला. घरातल्या प्रत्येकाचा फोन कुठे आहे हे त्याच्या फोनमध्ये दिसतं. नकाशावर एक निळा ठिपका होता, क्रीकच्या रेघेवरून हळूहळू सरकत होता.

"एकटी आहे," तो म्हणाला. "आई, अगं काय केलंस हे तू? मी काय सांगितलं होतं?"

मी आत झाले. तो मागोमाग आला, डोळे फोनवर. मीही त्याच्या हातातून पाहत होते. ठिपका पुलाजवळ आला. पुलाच्या रेघेखाली गेला आणि थांबला.

आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. ठिपका हलेना.

"थांबली," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा. त्याने फोन लावला. रिंग गेली, तिने उचलला नाही. गाडीची किल्ली त्याच्या हातातच होती. तो वळला.

मी दारात उभी होते. केव्हा जाऊन उभी राहिले ते मला सांगता येणार नाही. पाय फाकवलेले, गुडघे वाकवलेले.

"आई, बाजूला हो."

"थांब."

"आई!"

"थांब रे बाळा. तिला येऊ दे."

"वेड लागलंय का तुला? तिथे ती पोरं आहेत! तिला काही झालं म्हणजे?"

"मला पण तीच भीती वाटतेय."

"मग हो ना बाजूला!"

त्याने माझ्या खांद्याला धरलं. ढकललं असं नाही म्हणणार, तो तसा मुलगा नाही. पण बाजूला करायला जोर लावला. मी हलले नाही. मलाच त्याचं नवल वाटलं. त्यालाही. त्याने हात काढला.

आयुष्यात मी त्याच्या वडिलांना उलट बोलले नाही, त्यालाही नाही. त्या क्षणी बोलले.

"तू मला विचारतोस ना, आई, तू पुढे का नाही शिकलीस? मी दर वेळी सांगते, गावात शाळा नव्हती. शाळा होती. ओढ्यापलीकडे होती. माझे वडील तुझ्याइतकेच चांगले होते. त्यांनी पण माझ्या काळजीनेच बंद केलं. तू आज गाडी घेऊन गेलास तर उद्या सोडायला जाशील, परवा जाशील. मग तिला वाटायला लागेल की तो पूल तिचा नाहीच. मला अजून दुकानात जाताना तुम्ही कुणी बरोबर लागता. मला काय हौस आहे?"

फोन त्याच्या हातात होता, ठिपका तिथेच होता. पुलावरून ट्रेन गेली असणार, लांबून तिचा आवाज आला. मनात मी म्हणत होते, चूक केलीस, जाऊ दे त्याला, अजूनही जाऊ दे. आणि एक पाऊल मागे घेणार, एवढ्यात तो म्हणाला, "हलला."

आम्ही दोघांनी डोकी फोनवर घातली. ठिपका पुलाच्या अलीकडे आला होता. सरकत होता. पळत नव्हता, चालत होता. मुलगा जमिनीवरच बसला, बुटांच्या रॅकला टेकून, आणि तोंडावरून हात फिरवू लागला. मी दारातून बाजूला झाले आणि भिंतीला टेकले.

ती आली तेव्हा गाल लाल होते. बॅग पाठीवर, मोजे कोरडे. मी आधी मोजे पाहिले. बाबाला दारात खाली बसलेला बघून ती दचकली.

"डॅड? व्हाय आर यू ऑन द फ्लोअर?"

"थांबली होतीस कशाला? फोन का नाही उचललास?"

"उचलला असता तर खाली बघावं लागलं असतं ना." तिने बॅग काढली. "त्यांनी सायकली आडव्या लावल्या. तो लाल टोपीवाला म्हणाला, व्हेअर्ज युअर ग्रॅनी? मी बॅग खाली ठेवली आणि उभी राहिले. सीफू म्हणते पाठ नाही दाखवायची आणि घाई नाही करायची. मी म्हटलं, मूव्ह युअर बाइक्स. मोठ्याने. पुलाखाली ना, आवाज खूप मोठा होतो. मला माहीतच नव्हतं माझा आवाज एवढा मोठा आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग ते हसले. मी तशीच उभी. त्यांना बोअर झालं बहुतेक. एकाने सायकल काढली, मग दुसऱ्याने. तो लाल टोपीवाला शेवटपर्यंत नाही काढत होता. एक जॉगिंगवाली बाई आली, तिलाही जायला जागा नव्हती. ती म्हणाली, मूव्ह इट, मेट. मग त्याने काढली." ती थोडी थांबली. "ती नसती आली तरी मी उभी राहिले असते."

तिचा बाबा उठला आणि तिला जवळ घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाला, "पुढच्या वेळी मी फोनमध्ये बघितलं तर चालेल ना? नुसतं बघेन."

"बघ," ती म्हणाली. "पण कॉल नको करूस. इट्स सो अनॉयिंग."

गुरुवारी हॉलवर ती एकटीच गेली. मी मागाहून निघाले, माझी माझी. नातीला सोडायचं-आणायचं नसताना पुलापलीकडे जाण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. मुलं होती. शिट्टी वाजली. मी खाली बघितलं नाही, एवढंच केलं. त्यापेक्षा जास्त काही केलं असं लिहिलं तर खोटं होईल.

हॉलमध्ये पोचले तेव्हा नात बाईंसमोर गुडघ्यांवर बसली होती. घरून दुसऱ्या थर्मासमध्ये गरम पाणी नेलं होतं, तिथेच चहा केलेला. बाईंची मुलगी आली होती. बाईंनी विचारलं, मागे कोण आलं होतं?

"कोणी नाही. डॅड येणार होता. आजी दारात उभी राहिली. तिने त्याला सोडलंच नाही."

बाईंनी नातीच्या हातचा कप घेतला आणि एका दमात पिऊन टाकला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि दोन्ही हात पुढे करून थांबल्या.

थर्मास माझ्या पिशवीत होता. हिरवा चहा नव्हता आणला. निघताना विचार करायला वेळच मिळाला नाही, घरचाच भरला होता, आलं, दूध, चांगली साखर घातलेला. मी कपात ओतला. थोडा बाहेर सांडला. वाकले, पायांना हात लावला, कप पुढे केला.

बाईंनी तोच प्रश्न विचारला. या वेळी नातीला मराठी करावं लागलं नाही.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

बाई प्यायल्या. पहिल्या घोटाला त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, तोंड वाकडं केलं आणि मुलीला काहीतरी सांगितलं. ती हसायला लागली.

"आजी," नात म्हणाली, "त्या म्हणतायत, एवढी साखर घातलीस तर गुडघे कसे वाकणार? आणि आजपासून बाकावर नाही बसायचं."

कप रिकामा करून बाईंनी तो माझ्या हातात परत दिला. मी स्वेटर काढून बाकावर ठेवला आणि ओळीत नातीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.